सही जुळली नाही म्हणून मत बाद? अमेरिकेतील ‘बॅलट क्युअरिंग’ समजून घेताना

नवरा-बायको रात्री जेवणाच्या टेबलावर बसून आपापली मतपत्रिका भरतात, पाकिटात घालतात आणि बोलण्याच्या नादात एकमेकांच्या पाकिटावर सही करून मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाकिटे टपालपेटीत पडतात. दोघेही पात्र मतदार आहेत, दोघांनी मुदतीत मत दिले आहे, आतल्या मतपत्रिकेवर खाडाखोडही नाही. तरीही निवडणूक कार्यालयात दोन्ही पाकिटे बाजूला काढली जातात, कारण पाकिटावर नाव एकाचे आहे आणि सही दुसऱ्याची. अमेरिकेतील निवडणूक कर्मचाऱ्यांना हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. ही पाकिटे न उघडता बाद करावीत, की त्या दोघांना कळवून चूक दुरुस्त करून घ्यावी, हा या लेखाचा विषय आहे.

मतदाराला कळवून त्याच्याकडून चूक दुरुस्त करून घेण्याच्या पद्धतीला तिकडे ‘बॅलट क्युअरिंग’ म्हणतात. आपण तिला सरळ ‘दुरुस्ती’ म्हणू. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीपासून हा शब्द निकालाच्या बातम्यांत सतत येतो आहे, आणि २०२६ हे मध्यावधी, म्हणजे अध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या, निवडणुकांचे वर्ष असल्यामुळे तो पुन्हा कानावर येणार आहे. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने तर हा घरचाच प्रश्न आहे, कारण टपालाने आलेले ते पाकीट त्यांच्याही दारात पडते.

टपाली मत आणि राखून ठेवलेले मत

अमेरिकेत मतदानकेंद्रावर न जाता टपालाने मत देण्याची सोय सर्व राज्यांत आहे. काही राज्यांत त्यासाठी आजारपण किंवा प्रवास असे कारण द्यावे लागते, काहींत नुसता अर्ज पुरतो, तर वॉशिंग्टन, ऑरेगन, कोलोरॅडो यांसारख्या राज्यांत प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका आपोआप घरी येते. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, दर १०० मतदारांपैकी सुमारे ४३ जणांनी टपालाने मत दिले.

दुसरा प्रकार ‘प्रोव्हिजनल बॅलट’चा, म्हणजे राखून ठेवलेल्या मताचा. मतदार केंद्रावर येतो, पण यादीत त्याचे नाव सापडत नाही, ओळखपत्र घरी राहिलेले असते, किंवा त्याच्या नावाने टपाली मतपत्रिका आधीच पाठवल्याची नोंद दिसते. अशा वेळी त्याला माघारी न पाठवता त्याचे मत वेगळ्या पाकिटात घेतात आणि पात्रतेची खातरजमा झाल्यावर मोजतात. फ्लोरिडातील ५३७ मतांच्या फरकाने २००० सालच्या अध्यक्षपदाचा निकाल लागला आणि त्या गोंधळातून २००२ मध्ये ‘हेल्प अमेरिका व्होट’ कायदा झाला. त्या कायद्याने ही सोय जवळजवळ देशभर सक्तीची केली. आपले मत मोजले गेले की नाही, आणि नसल्यास का, हे मतदाराला विनाशुल्क कळण्याची व्यवस्था असली पाहिजे, असेही त्याच कायद्यात लिहिले आहे. ‘का’ हे कळल्याशिवाय दुरुस्ती संभवतच नाही, म्हणून हे कलम मला फार मोलाचे वाटते.

पाकीट उघडण्यापूर्वी

टपाली मतात गुप्तता आणि ओळख या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात. म्हणून मतपत्रिकेवर मतदाराचे नाव नसते आणि पाकिटावर मत नसते. कर्मचारी तपासतात ते फक्त पाकीट. त्यावरची सही यंत्राने टिपली जाते आणि संगणकाच्या पडद्यावर वाहन परवाना, नोंदणी अर्ज किंवा मागील निवडणुकीतील पाकीट यांवरच्या जुन्या सह्यांशेजारी ठेवली जाते. कोलोरॅडोत पहिल्या तपासनिसाला शंका आली, तर वेगवेगळ्या पक्षांचे दोन निरीक्षक ती सही पुन्हा पाहतात, आणि दोघांचे एकमत झाले तरच ती ‘जुळत नाही’ असे ठरते. पाकीट मंजूर झाले की मतपत्रिका बाहेर काढून इतरांत मिसळतात. त्यानंतर ती कोणाची, हे कोणालाही सांगता येत नाही.

त्रुटी राज्याराज्यांच्या नियमांप्रमाणे बदलतात. सही नसणे आणि सही न जुळणे या दोन मुख्य. विस्कॉन्सिनमध्ये साक्षीदाराची सही आणि पत्ता लागतो. पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात घालावी लागते, आणि बाहेरच्या पाकिटावर हाताने तारीख लिहिलेली नसेल तर २०२५ पर्यंत मत बाद होई. २०२० मध्ये देशभरात साडेपाच लाखांहून अधिक टपाली मते बाद झाली. परत आलेल्या एकूण टपाली मतांत त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते, आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश केवळ सही न जुळल्याने गेली. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु त्याच निवडणुकीत ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन निर्णायक राज्यांतील फरक एकत्र केला, तरी तो सुमारे ४३ हजार मतांचा होता.

माणसाची सही बदलते

माझ्या वडिलांना कंपवात झाल्यानंतरचा एक प्रसंग सांगतो. त्यांनी दिलेला चेक बँकेतून परत आला, शेरा होता ‘सही जुळत नाही’. चाळीस वर्षे एकाच वळणाची सही करणारा माणूस त्या कागदाकडे बराच वेळ पाहत बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही शाखेत गेलो, ओळखपत्र दाखवले, त्यांनी कारकुनासमोर थरथरत्या हाताने तीन वेळा सही केली, नवा नमुना नोंदला गेला आणि चेक वटला. बँकेने शंका घेतली यात काहीच वावगे नव्हते, शंका घेणे हे तिचे कामच आहे. त्या शंकेचे उत्तर मात्र माझ्या वडिलांकडेच होते, आणि ते देण्याची वाट उघडी होती.

टपाली मताचेही असेच आहे. सही ही ओळखीची खूण आहे, सुलेखनाची परीक्षा नव्हे. वार्धक्य, आजार, मोडलेला हात, लग्नानंतर बदललेले नाव, गाडीच्या बॉनेटवर पाकीट ठेवून घाईत केलेली सही, अशी न जुळण्याची शंभर निरुपद्रवी कारणे असतात. नेवाडात २०२४ मध्ये हजारो पाकिटे सहीपायी अडकली, तेव्हा राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे तेथील निवडणुकांचे प्रमुख अधिकारी, फ्रान्सिस्को अग्विलार यांनी तरुण मतदारांकडे बोट दाखवले होते. या पिढीला कागदावर सही करण्याची वेळच फारशी येत नाही, परवाना काढताना केलेली सहीही बोटाने किंवा काडीने पडद्यावर गिरवलेली असते, आणि कागदावर ती तशी उमटत नाही.

या तपासणीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, ही गोष्ट अधिक गंभीर आहे. वॉशिंग्टन राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२० च्या निवडणुकीची पाहणी करून २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यात कृष्णवर्णीय मतदारांची मते गोऱ्या मतदारांच्या तुलनेत चौपट प्रमाणात बाद झाल्याचे दिसले. मूलनिवासी आणि लॅटिनो मतदारांचे प्रमाणही दुपटीहून अधिक होते आणि तरुणांचे वयस्करांपेक्षा जास्त. कर्मचाऱ्यांनी पक्षपात केल्याचा पुरावा अहवालाला आढळला नाही, मात्र मत बाद होण्याशी सर्वांत जवळचा संबंध दिसला तो मतदार कोणत्या काउंटीत राहतो याचा. काउंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा. एकाच राज्यातील दोन जिल्ह्यांत एकाच प्रकारच्या सहीचे नशीब वेगळे असेल, तर दोष केवळ सही करणाऱ्याचा कसा म्हणता येईल?

दुरुस्तीत नेमके काय घडते

पाकीट अडकले की कार्यालय मतदाराला पत्र, फोन, ईमेल किंवा संदेश पाठवते. सोबत एक छोटे प्रतिज्ञापत्र असते: ‘हे पाकीट माझेच आहे, मीच त्यावर सही केली आहे.’ मतदार त्यावर सही करतो, बहुधा ओळखपत्राची प्रत जोडतो आणि मुदतीत परत पाठवतो. कोलोरॅडोत हे काम मोबाईलवरूनही होते: दिलेल्या क्रमांकावर संदेश पाठवायचा, पडद्यावर सही करायची, ओळखपत्राचा फोटो जोडायचा. राखून ठेवलेल्या मताच्या बाबतीत दुरुस्ती म्हणजे बहुधा राहिलेले ओळखपत्र कार्यालयात नेऊन दाखवणे. टेक्सासमध्ये त्यासाठी निवडणुकीनंतर सहा दिवस मिळतात, तर विस्कॉन्सिनमध्ये त्याच आठवड्यातील शुक्रवारी दुपारी चारपर्यंतच.

यात दिलेले मत बदलता येत नाही. आतली मतपत्रिका बंदच असते, तिला कोणी हातही लावत नाही. दुरुस्त होतो तो मतदार आणि पाकीट यांच्यातला दुवा. परीक्षेत उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहायचा राहिला म्हणून पर्यवेक्षकाने विद्यार्थ्याला परत बोलावले, तर तो क्रमांक लिहितो, उत्तरे नव्हे. येथेही तसेच आहे.

राज्य बदलले की मुदत बदलते

आज अमेरिकेतील सुमारे दोन तृतीयांश राज्यांत दुरुस्तीची कायदेशीर सोय आहे, परंतु तिचे स्वरूप एकसारखे नाही. फ्लोरिडात मतदानानंतर दोन दिवसांनी सायंकाळी पाचला दार बंद होते. जॉर्जियात तीन दिवस, नेवाडात सहा, कोलोरॅडोत आठ, तर वॉशिंग्टनमध्ये निकाल प्रमाणित होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे. मिशिगनच्या मतदारांनी २०२२ मध्ये सार्वमताने दुरुस्तीचा हक्क थेट राज्यघटनेत घातला. कॅलिफोर्नियात मतदाराला न कळवता मत बाद करणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आणि त्याच वर्षी विधिमंडळाने तसा कायदा केला.

सही पाहणेच सोडून दिले तर? जॉर्जियाने २०२१ मध्ये सही जुळवण्याऐवजी ओळखपत्राचा क्रमांक मागण्याचा मार्ग धरला, टेक्सासनेही क्रमांक मागायला सुरुवात केली. टेक्सासचा अनुभव डोळे उघडणारा आहे. मार्च २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, तेथे २४ हजारांहून अधिक टपाली मते, म्हणजे सुमारे १२ टक्के, बाद झाली. अनेकांनी क्रमांकाची चौकट रिकामी सोडली होती, तर काहींनी परवान्याचा क्रमांक लिहिला आणि सरकारी नोंदीत सोशल सिक्युरिटीचा होता. लोकांना नियम कळू लागला तसे हे प्रमाण नोव्हेंबरपर्यंत तीन टक्क्यांच्या आत आले. खूण कोणतीही निवडा, माणूस ती चुकवणारच, म्हणून दुरुस्तीची गरज काही संपत नाही.

पेनसिल्व्हेनियाचा पेच

कायदा गप्प असला की काय होते, ते पाहण्यासाठी पेनसिल्व्हेनियासारखे दुसरे उदाहरण नाही. तेथे २०१९ च्या कायद्याने सर्वांना टपाली मत खुले केले, पण त्रुटी आढळल्यास मतदाराला कळवावे की नाही, याबद्दल त्यात शब्द नाही. २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायद्यात नसलेली सक्ती न्यायालय काउंट्यांवर लादू शकत नाही. परिणामी काही काउंट्या मतदारांना फोन करत, काही संकेतस्थळावर यादी लावत, तर काही ब्रही काढत नसत. नदीच्या या तीरावरील मतदाराची चूक सुधारली जाई आणि त्या तीरावरील मतदाराला आपले मत बुडाल्याचा पत्ताही नसे.

२०२४ च्या प्राथमिक निवडणुकीत बटलर काउंटीतील दोन मतदारांनी आतले गुप्ततेचे पाकीट न वापरता मतपत्रिका पाठवल्या होत्या. तुमचे मत बहुधा मोजले जाणार नाही, असे सरकारी प्रणालीकडून कळल्यावर ते मतदानाच्या दिवशी केंद्रावर गेले आणि त्यांनी राखून ठेवण्याचे मत दिले. काउंटीने तेही मोजण्यास नकार दिला. तिचा युक्तिवाद असा होता की, ज्याची टपाली मतपत्रिका कार्यालयात पोहोचली आहे त्याचे दुसरे मत मोजू नये, असे कायदा सांगतो. प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो, पण तो फार मूलभूत आहे: जे मत रद्दबातल आहे, ते ‘दिले’ असे म्हणायचे का? ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, टपाली मतपत्रिका रद्दबातल असेल तर मतदाराने मत दिलेलेच नाही, म्हणून त्याचे राखून ठेवलेले मत मोजले पाहिजे. एकाच माणसाची दोन मते मोजली जाऊ नयेत, हा त्या कलमाचा हेतू होता. त्याचे एकही मत मोजले जाऊ नये, असा तो कधीच नव्हता. मला हा निर्णय पटतो.

‘सूचना नीट न वाचणाऱ्यांचे लाड कशाला?’

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. मुदत पाळणे, सही करणे, पाकीट चिकटवणे ही मतदाराची जबाबदारी आहेच, आणि मुदतीनंतर आलेले मत दुरुस्तीने वाचत नाही. परंतु चूक आणि शिक्षा यांचे काही प्रमाण असावे की नाही? प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्रुटी राहिली, तर आपले करखातेसुद्धा सदोष विवरणाची नोटीस पाठवून दुरुस्तीला मुदत देते. मतदान तर ठरलेल्या दिवशी एकदाच होते, ते पुढच्या महिन्यात भरून काढता येत नाही. शिवाय सही न जुळणे ही बऱ्याचदा मतदाराची चूकही नसते, तो तपासणाऱ्याचा अंदाज असतो. फ्लोरिडाचे अमेरिकी संसदेतील माजी सदस्य पॅट्रिक मर्फी यांचे स्वतःचे टपाली मत २०१८ मध्ये सही जुळली नाही म्हणून बाद झाले होते. कायदेमंडळात बसलेल्या माणसावर ही वेळ येते, तर इतरांची काय कथा.

‘यातून बनावट मते शिरणार नाहीत का?’

मुद्दाम दुसऱ्याच्या नावाने पाकीट पाठवणाऱ्याला सर्वांत मोठी भीती असते ती खऱ्या मतदाराला कळण्याची, आणि दुरुस्तीची पहिली पायरी नेमकी तीच आहे. ‘तुमच्या नावाने आलेल्या पाकिटावरची सही जुळत नाही’ अशी सूचना मतदाराला मिळाली आणि त्याने ते पाठवलेच नसेल, तर चोरी तेथेच उघडी पडते. न कळवता पाकीट बाद केले, तर बनावट मत मोजले जाणार नाही हे खरे, पण बनाव करणाराही सापडणार नाही. दुरुस्तीसाठी ओळखपत्र किंवा प्रतिज्ञापत्र लागते, आणि खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे. म्हणजे दुरुस्त झालेले मत हे एकदा नव्हे, दोनदा तपासलेले मत असते.

‘निकाल लांबतो आणि पक्ष घरात शिरतात’

अमेरिकेत निवडणुकीच्या रात्री वाहिन्या जाहीर करतात तो अंदाज असतो. अधिकृत निकाल प्रमाणित होण्यास दिवस किंवा आठवडे लागतात, कारण परदेशातील आणि सैन्यातील मतदारांची मते व राखून ठेवलेली मते त्या काळात तपासली जातात. दुरुस्तीची मुदत बहुतेक ठिकाणी याच कालावधीत बसते, त्यामुळे ती स्वतंत्रपणे निकाल रोखून धरत नाही.

पक्षांचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याचे माझ्याकडे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. अडकलेल्या पाकिटांच्या याद्या अनेक ठिकाणी पक्षांना मिळतात, आणि चुरशीच्या लढतीत दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते त्या घेऊन दारोदार फिरतात. ज्या पक्षाकडे माणसे आणि पैसा जास्त, त्याच्या मतदारांच्या चुका जास्त सुधारल्या जातात. म्हणूनच मतदाराला कळवण्याचे काम सरकारी कार्यालयाने, प्रत्येकाच्या बाबतीत, एकाच रीतीने आणि ठरावीक तासांत करणे आवश्यक आहे. हे नियम अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता विधिमंडळाने करावेत, असा रिपब्लिकन पक्षाने पेनसिल्व्हेनियात मांडलेला युक्तिवाद तेवढ्यापुरता मला योग्य वाटतो. फक्त विधिमंडळ नियम करत नाही तोवर मतदाराचे मत बुडाले तरी चालेल, हा त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

एका मताने काय होते?

व्हर्जिनियात २०१७ मध्ये विधिमंडळाच्या एका जागेसाठी फेरमोजणीत एका उमेदवाराला एका मताची आघाडी मिळाली. मग न्यायालयाने एक वादग्रस्त मतपत्रिका ग्राह्य धरली आणि दोघांची मते समसमान झाली. जानेवारी २०१८ मध्ये कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डब्यांत नावाच्या चिठ्ठ्या घालून, ते डबे एका भांड्यात ठेवून सोडत काढली गेली, आणि तिच्यावर सभागृहातील बहुमत ठरले. ॲरिझोनाच्या महाधिवक्ता २०२२ मध्ये २८० मतांनी निवडून आल्या. कॅलिफोर्नियातील एक संसदीय जागा २०२४ मध्ये १८७ मतांनी फिरली.

मुंबईकरांना यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. २०२४ च्या लोकसभेत मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात मतदानयंत्रांवर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. बाद झालेल्या टपाली मतांच्या पडताळणीवरून तेव्हा किती चर्चा झाली, ते आठवत असेल. आपल्याकडे टपाली मतासोबतच्या घोषणापत्रावर सही किंवा साक्षांकन नसले, तर आतले पाकीट न उघडताच मत बाद होते आणि मतदाराला विचारण्याची कोणतीही पायरी नाही. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर मिळणारे प्रदत्त मत, म्हणजे टेंडर व्होट, पाकिटात राहते आणि न्यायालयाने सांगितल्याशिवाय मोजले जात नाही. निवडणूक कामावरचे शिक्षक, पोलीस आणि सीमेवरचे जवान टपालाने मत देतात. त्यांना एक फोन करण्याची तरतूद का असू नये, हा प्रश्न आपणही विचारायला हवा.

अमेरिकेतील मराठी मतदाराने काय पाहावे

भारतातून गेलेल्या अनेकांच्या दोन सह्या असतात. पासपोर्टवर एक, अमेरिकन परवान्यावर दुसरी, आणि काहींची मनापासून येणारी सही अजूनही देवनागरीत. पाकिटावर तीच सही करावी जी परवान्यावर किंवा मतदार नोंदणीवर आहे. ती बदलली असेल, तर निवडणुकीच्या आधीच नोंदणी अद्ययावत करून घ्यावी. एकाच घरात तीन-चार पाकिटे असतील, तर प्रत्येकाने आधी छापील नाव वाचावे आणि मगच पेन उचलावे. पाकिटावर किंवा नोंदणीत फोन क्रमांक द्यावा, कारण दोन दिवसांच्या मुदतीत टपालाने येणारे पत्र कधी कधी मुदत संपल्यावर पोहोचते. मत लवकर पाठवून काउंटीच्या संकेतस्थळावर त्याची स्थिती पाहत राहावे. आईवडिलांच्या सेवेसाठी काही महिने पुण्यात किंवा नाशिकला राहणाऱ्यांनी तर ईमेल पत्ता दिल्याशिवाय पाकीट पाठवूच नये.

दुरुस्तीसाठी खरोखर फोन आला, तर आधी तो क्रमांक काउंटीच्या संकेतस्थळावरील क्रमांकाशी पडताळून पाहावा. निवडणूक कार्यालय तुमचे नाव, पत्ता, जन्मतारीख किंवा ओळखपत्र मागू शकते. तुम्ही मत कोणाला दिले, हे मात्र दुरुस्तीच्या कोणत्याही पायरीवर, कोणत्याही राज्यात विचारले जात नाही. तसे कोणी विचारले, तर फोन ठेवून द्यावा आणि स्वतः कार्यालयात फोन लावावा.